ड्यूररने ठोकळे स्वतः कोरले का, आणि कोरले नसतील तर ती चित्रे कोणाची?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याच्यावरच्या टिपणात आपण त्याला ‘लाकडात कोरणारा थोर कलावंत’ म्हटले, त्यावर आपल्या शिक्षकांनी सांगितले की ठोकळे तो कोरत नसे, ते काम पगारी कारागीर करत. आता आपल्याला दोन शंका आहेत: तसे असेल तर ही चित्रे त्याची कशी, आणि चित्राखाली नाव कोणाचे लिहायचे?

मी गेली सव्वीस वर्षे लाकडी ठोकळे कोरतो, त्यांवरून छापतो आणि शिकवतो. त्या अनुभवावरून मला वाटते की आपण एकत्र विचारलेल्या दोन गोष्टी आधी वेगळ्या केल्या पाहिजेत. सुरी कोणाच्या हातात होती हा इतिहासाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर सालागणिक, चित्रागणिक बदलते. ठोकळ्यावरच्या चित्रातले अवघड निर्णय कोण घेतो हा प्रश्न मात्र कामाचा आहे, आणि त्याचे उत्तर ठोकळा हातात घेतला की बरेचसे मिळते. आपल्या शिक्षकांचे म्हणणे चुकीचे नाही, पण त्यात पहिल्याच प्रश्नाचे उत्तर आहे, आणि तेही अर्धे.

आधी ठोकळ्याविषयी सांगतो. ड्यूररच्या काळी यासाठी बहुतेक पेअरसारख्या घट्ट, बारीक पोताच्या झाडाची फळी वापरत. ती झाडाच्या उभ्या अंगाने चिरलेली असे, म्हणजे तंतू पृष्ठभागाला समांतर धावत. फळी रंधून गुळगुळीत करायची, तिच्यावर पेनने चित्र काढायचे, आणि मग जे कागदावर पांढरे दिसायला हवे ते सगळे लाकूड काढून टाकायचे. राहते ती रेषा, आणि शाई तिलाच लागते. तांब्याच्या पत्र्यावरच्या खोदकामात याच्या बरोबर उलट असते. तिथे हत्याराने रेषाच खोदतात आणि शाई त्या खाचेत भरतात. म्हणून तांब्यावर एक रेषा म्हणजे हाताची एक हालचाल. लाकडात एका रेषेसाठी तिच्या दोन्ही अंगांनी सुरी चालवावी लागते, तीही पाते बाहेरच्या बाजूला झुकवून, म्हणजे रेषेचा पाया रुंद राहतो आणि दाबाखाली ती मोडत नाही. त्यानंतर बाजूचे लाकूड उचलण्यासाठी आणखी दोन काप घ्यावे लागतात. मोकळ्या जागा गोल पटाशीने साफ करायच्या, त्या शेवटी.

आता एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी डोळ्यांसमोर आणा. पेनने सावली दाखवताना आपण तिरप्या दहा रेषा ओढतो आणि त्यांवर उलट दिशेने आणखी दहा; अर्ध्या मिनिटाचे काम. त्या जाळीत आतमध्ये एक्याऐंशी लहान चौकटी तयार होतात. कोरणाऱ्याला प्रत्येक चौकटीच्या चारही बाजू कापून आतला ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान कण बाहेर काढावा लागतो, आणि हे सगळे भोवतीच्या चार रेषांपैकी एकही न दुखावता. ज्या बाजूला तंतू आडवे येतात तिथे रेषेचा तुकडा उडण्याची भीती सतत असते.

माझ्या उमेदवारीच्या काळात एका चित्रकाराने मला पेनने काढलेले एक देवळाचे चित्र कोरायला दिले होते. सावल्या सगळ्या अशाच जाळीच्या होत्या, आणि माझ्याजवळ लाकूड होते सागवान, जे पेअरच्या मानाने भरड आणि छिद्राळ असते. तीन आठवडे कोरून मी गाभाऱ्याच्या दाराशी आलो आणि तिथे बोटभर जाळी एकदम उखडून आली. तो चित्रकार उत्तम होता, पण त्याने कधी ठोकळा हाती धरलेला नव्हता, त्यामुळे पेनला जे सोपे ते सुरीलाही सोपे असेल असे त्याने गृहीत धरले होते. दुसऱ्या वेळी आम्ही शेजारी बसलो. त्याने जाळी सोडून एकाच दिशेने वळणाऱ्या समांतर रेषांनी सावली दाखवली, रेषांची टोके तंतूंच्या दिशेने सुटतील अशी बेतली, आणि तेच देऊळ मी सहा दिवसांत कोरले. छाप पहिल्या चित्रापेक्षा स्वच्छ आणि जोरकस आली. रेखन करणाऱ्याला सुरी कळते की नाही, यावर सगळे किती अवलंबून असते ते मला त्या दिवशी समजले, आणि ड्यूररकडे मी तेव्हापासून त्याच नजरेने पाहत आलो आहे.

त्याला सुरी कळत होती याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तो १४७१ मध्ये न्यूरेंबर्ग येथे एका सोनाराच्या घरी जन्मला आणि पहिली हत्यारे त्याने वडिलांच्या दुकानात हाताळली. त्याचा धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचा पालक, आंतोन कोबेर्गर आधी सोनार होता आणि पुढे त्या काळातल्या जर्मनीतला एक मोठा मुद्रक-प्रकाशक झाला. १४८६ मध्ये ड्यूरर मिखाएल वोल्गेमूट या चित्रकाराकडे तीन वर्षांसाठी शिकाऊ म्हणून राहिला, आणि वोल्गेमूटच्या कार्यशाळेत चर्चमधल्या वेदीवरच्या चित्रांबरोबर छापील पुस्तकांसाठी ठोकळ्यांवरची चित्रेही होत असत. कोबेर्गरने १४९३ मध्ये छापलेल्या प्रसिद्ध न्यूरेंबर्ग बखरीची चित्रे त्याच कार्यशाळेची आहेत. तिच्यात ६४५ ठोकळ्यांवरून १८०९ चित्रे छापली आहेत, म्हणजे एकच ठोकळा कधी एका शहराचे चित्र म्हणून येतो, कधी दुसऱ्याचे. असल्या वातावरणात वाढलेल्या मुलाला ठोकळा म्हणजे काय, तो कुठे तडकतो आणि शाई कुठे भरून बसते हे ठाऊक असणारच.

आता सुरीच्या प्रश्नाकडे येऊ. ड्यूररच्या आयुष्याचा या बाबतीत एकच एक नियम सांगता येत नाही.

स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरातल्या कलासंग्रहालयात १४९२ चा एक ठोकळा आहे. संत जेरोमच्या पत्रांच्या पुस्तकासाठी तो तयार झाला होता, आणि त्याच्या पाठीवर एकवीस वर्षांच्या ड्यूररने आपले नाव आणि गाव लिहून ठेवले आहे. यावरून रेखन त्याचे हे नक्की ठरते, पण कोरणी त्याची असे त्यावरून ठरत नाही. छाप पाहता तिथल्या रेषा ताठ आणि एकसारख्या जाडीच्या आहेत, पुढच्या कामातला लवचीकपणा तिथे नाही. त्याच संग्रहालयात तरुण ड्यूररच्या नावावर घातले जाणारे शंभराहून अधिक ठोकळे असे आहेत की ज्यांवर पेनने चित्रे काढली आहेत, पण ती कोरलीच गेली नाहीत. ड्यूररच्या हातचे की आणखी कोणाच्या, हा वाद बाजूला ठेवला तरी त्या काळची पद्धत त्यांतून उघड दिसते: चित्रकाराने लाकडावर रेखन करायचे आणि ठोकळा कोरणाऱ्याकडे जायचा. या कारागिराला जर्मनमध्ये फॉर्मश्नायडर म्हणत. साचा कापणारा, असा त्याचा अर्थ.

मग येते १४९८ साल आणि ‘प्रकटीकरण’. बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकावरची ही पंधरा पानभर चित्रे आहेत, प्रत्येक सुमारे ३९ बाय २८ सेंटिमीटर. त्यांतले चार घोडेस्वार आपण पाहिले असतीलच. त्यात मागचे आकाश निव्वळ आडव्या समांतर रेषांनी भरले आहे, त्या रेषांमुळे घोड्यांचा वेग वाढल्यासारखा वाटतो, आणि कोरण्याच्या दृष्टीने पाहाल तर त्या रेषा सुरीला सर्वांत सुखाच्या आहेत. घोड्यांच्या मानेवर आणि कपड्यांच्या चुण्यांवर मात्र रेषा मध्ये फुगतात, टोकाला केसाएवढ्या होतात आणि वळणावर एकमेकींच्या अगदी जवळ जातात. लाकडात असे यापूर्वी कोणी करून दाखवले नव्हते. जाळी जवळजवळ नाहीच. पेनला आवरून सुरीला काय जमेल त्याच्या टोकापर्यंत नेलेले हे रेखन आहे.

हे ठोकळे कोणी कोरले? इथे अभ्यासकांत दोन मते आहेत. काहींच्या मते सुरुवातीचे निवडक ठोकळे ड्यूररने स्वतः कोरले, कारण न्यूरेंबर्गमधले तेव्हाचे इतर काम या दर्जाच्या जवळही जात नाही. इतरांच्या मते त्याने एखाद्या कारागिराला जवळ बसवून शिकवले. याच सुमाराचा, बायबलमधल्या बलाढ्य शमशोनावरच्या ‘शमशोन आणि सिंह’ या चित्राचा मूळ ठोकळा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. माझे स्वतःचे मत पहिल्या बाजूला झुकते, आणि त्याला कारण आहे. शमशोनच्या चित्राचा हातरुमालाएवढा भाग मी एकदा शिवणीच्या लाकडावर उतरवून कोरला. सिंहाच्या आयाळीतल्या रेषा जिथे संपतात तिथे पेनची टोके नुसती राखलेली नाहीत; कापताना जिथे पाते उचलावे असे हाताला वाटते, नेमकी तिथेच ती उचललेली आहेत. ज्याच्या हाताने एकदा तरी असा ठोकळा पुरा केला आहे त्यालाच रेषा अशी संपवता येते असे मला वाटते. पण हा कामाच्या अनुभवावरचा तर्क आहे, पुरावा नव्हे, आणि आपण टिपणात तो तसाच मांडावा.

ड्यूररचे स्वतःचे एक वाक्यही इथे उपयोगी आहे. मानवी देहाच्या प्रमाणांवरचा त्याचा ग्रंथ तो १५२८ मध्ये वारल्यावर त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. त्यात तो म्हणतो, त्याचा आशय असा: एखादा माणूस अर्ध्या कागदावर पेनने एका दिवसात जे काढतो, किंवा आपल्या लहानशा लोखंडी हत्याराने लाकडाच्या लहान तुकड्यात जे कोरतो, ते दुसऱ्याने वर्षभर खपून केलेल्या मोठ्या कामापेक्षा सरस असू शकते. लाकडात कोरणे त्याच्या लेखी हलके काम नव्हते, कलावंताच्या हातचे काम होते, एवढे यावरून नक्की म्हणता येईल.

१५०० नंतर, आणि १५१० नंतर तर ठळकपणे, चित्र पालटते. ड्यूररची मागणी वाढली, रंगचित्रे, तांब्यावरचे खोदकाम आणि ग्रंथलेखन यांत तो गुंतला, आणि ठोकळे कुशल कारागिरांकडे जाऊ लागले. याच काळात त्याच्या रेखनाची रीतही बदलली. मधली छटा दाखवण्यासाठी तो समान अंतरावरच्या समांतर रेषांचा पट्टा सगळीकडे वापरू लागला. त्याच्यापेक्षा उजळ ते कोरे, गडद ते दाट. मला वाटते हा बदल नुसता आवडीचा नव्हता. अशी शिस्तीची रेषा दुसऱ्याच्या हातात सोपवता येते. आपण शेजारी नसताना दुसरा माणूस कोरणार आहे हे ज्याला माहीत आहे, तो आपले रेखन अशा भाषेत लिहितो की तिचा दुसरा अर्थ निघूच नये. मी स्वतः विद्यार्थ्यांकडून ठोकळे कोरून घेतो तेव्हा माझेही हात आपोआप तेच करतात.

या टप्प्यावर कारागिरांची नावे दिसू लागतात, आणि आपल्या शिक्षकांचा मुद्दा इथे पूर्ण खरा ठरतो. सम्राट माक्सिमिलियनसाठी केलेली विजयकमान पाहा. ठोकळ्यांवर १५१५ हे साल आहे. १९५ ठोकळे, त्यांवरून छापलेले ३६ मोठे कागद, आणि जोडल्यावर साडेतीन मीटरपर्यंत उंच भरणारे एक चित्र. ड्यूररबरोबर आल्टडोर्फर, स्प्रिंगिनक्ले आणि ट्राउट या चित्रकारांनी त्यात रेखन केले, आणि कोरणी न्यूरेंबर्गच्या हिएरोनिमस आंद्रेए याच्या कार्यशाळेत झाली. एवढे ठोकळे ड्यूररने कोरायचे म्हटले असते तर त्याचे उरलेले आयुष्य त्यातच गेले असते. त्याच सम्राटाच्या विजयमिरवणुकीचे ठोकळे व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहेत आणि त्यांच्या पाठीवर कोरणाऱ्यांची नावे लिहिलेली सापडतात. आउग्सबुर्गच्या योस्ट द नेगकर या कोरणाऱ्याने १५१२ मध्ये सम्राटाला पत्र लिहून कळवले होते की मदतीला दोन कोरणारे दिल्यास शेवटचा हात तो स्वतः फिरवील, म्हणजे सगळे काम एकाच हातचे वाटेल. ज्या धंद्यात आपला हात ओळखू न येणे हाच गुण, त्या धंद्यातल्या माणसांची नावे मागे का राहिली हे या एका पत्रावरून कळते.

या सगळ्यातला सर्वांत विलक्षण कारागीर माझ्या मते हान्स ल्युत्सेलबुर्गर. चित्रकार हान्स होल्बाइन याच्या ‘मृत्यूचे नृत्य’ या चित्रमालेचे ठोकळे त्याने बाझेलमध्ये कोरले, आणि प्रत्येक चित्र जेमतेम साडेसहा बाय पाच सेंटिमीटरचे आहे. भिंग घेऊन पाहिले तर त्या आगपेटीएवढ्या जागेत माणसांच्या चेहऱ्यावरचे भावही स्पष्ट दिसतात. १५२६ मध्ये तो वारला तेव्हा मालिका अपुरी होती, आणि ती पुस्तकरूपाने निघाली १५३८ मध्ये, ल्यों शहरात, ४१ चित्रांसह. त्या पुस्तकात होल्बाइनचेही नाव नाही. डचेसच्या चित्रात तिच्या पलंगाच्या पायथ्याशी मात्र एच आणि एल ही दोन अक्षरे आहेत, आणि ती कोरणाऱ्याची आहेत.

आपल्याकडे ज्या चित्राबद्दल सर्वांत जास्त विचारले जाते, त्या गेंड्याचाही इथे उल्लेख करतो, कारण त्याचा एक धागा गोव्याशी जोडलेला आहे. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह दुसरा याने एक गेंडा पोर्तुगीज गव्हर्नर अफोंसो द अल्बुकर्कला भेट दिला, अल्बुकर्कने तो १५१५ च्या सुरुवातीला गोव्याहून पोर्तुगालचा राजा मानुएल याच्याकडे रवाना केला, आणि २० मे १५१५ रोजी तो लिस्बनला उतरला. ड्यूररने तो प्राणी कधीच पाहिला नाही; न्यूरेंबर्गला आलेले वर्णन आणि एक रेखाटन एवढ्यावर त्याने चित्र काढले, त्यात खांद्यावर एक जादा लहान शिंगही आले, आणि वरच्या मजकुरात सालही चुकून १५१३ पडले. कोणी कोरले याची नोंद नाही. पण अंगावरची कवचे, त्यांच्या कडा आणि खवले पाहिले तर तेच दिसते जे मघाशी सांगितले: प्रत्येक पोतासाठी सुरीला झेपेल अशी वेगळी खूण त्याने योजली आहे. उठावाचा ठोकळा छपाईच्या खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, उंचीचा असल्याने वरचा मजकूर खिळे जुळवून चित्राबरोबरच छापता येत असे आणि पुढच्या आवृत्तीत बदलताही येत असे. हा ठोकळा ड्यूररच्या मृत्यूनंतरही अनेक वर्षे छापला जात राहिला, आणि उशिराच्या प्रतींत गेंड्याच्या पायांतून आडवी गेलेली चीर स्पष्ट दिसते.

चित्रे त्याची म्हणण्याचे आणखी एक कारण आहे, आणि त्याकडे विद्यार्थी सहसा दुर्लक्ष करतात: तो प्रकाशकही होता. ‘प्रकटीकरण’ कोबेर्गरच्या छापखान्यातले खिळे वापरून निघाले असले तरी अखेरच्या ओळीत मुद्रक म्हणून नाव आहे ते ‘आल्ब्रेख्त ड्यूरर, चित्रकार’ असे. ठोकळे त्याच्या मालकीचे होते. १४९७ मध्ये त्याने गावोगाव छापचित्रे विकायला पगारी माणूस नेमला होता. पत्नी आग्नेस फ्रँकफर्टच्या जत्रेत विक्री करी, आई न्यूरेंबर्गच्या बाजारात. १५२०–२१ च्या नेदरलँड्सच्या प्रवासातल्या रोजनिशीत हिशेब आहेत: एका गिऱ्हाइकाला येशूच्या दुःखसहनावरच्या ‘लहान दुःखसहनमाले’च्या सोळा प्रती चार गुल्डेन नाण्यांना, आणि तांब्यावर खोदलेल्या दुःखसहनमालेच्या सहा प्रती तीन गुल्डेनला. म्हणजे छत्तीस-सदतीस लाकडी ठशांचा अख्खा संच पाव गुल्डेनला पडत होता. येशूची आई मरिया हिच्या चरित्रावरील ड्यूररच्या चित्रांची मार्कांतोनिओ रायमोंदी या खोदकाराने इटलीत तांब्यावर नक्कल केली आणि तिच्यात ‘ए’च्या पोटात ‘डी’ ही ड्यूररची नाममुद्राही उतरवली. १५११ मध्ये ड्यूररने आपली मोठी पुस्तके काढली तेव्हा शेवटी नक्कल करणाऱ्या चोरांना सम्राटाच्या नावाने ताकीद छापली. चित्राची कल्पना, रेखन, ठोकळा, कागद, विक्री आणि कायदेशीर हक्क हे सगळे एका माणसाच्या हाती आल्यावर, सुरी दुसऱ्याकडे असली तरी चित्र त्याचे म्हणण्यात मला काही चुकीचे वाटत नाही.

तर आतापर्यंतचे थोडक्यात असे: आरंभीचे काही ठोकळे त्याने कोरले असण्याची शक्यता मोकळी आहे, नंतरचे बहुतेक दुसऱ्यांनी कोरले, आणि दोन्ही काळांत कोरण्याची समज रेखनातच उतरलेली आहे.

टिपणात बदल करायचा तर ‘लाकडात कोरणारा’ हे शब्द काढून ‘लाकडी ठशांसाठी रेखन करणारा चित्रकार आणि प्रकाशक’ असे लिहावे. त्याच्या १४९८ च्या पुस्तकात त्यानेही स्वतःला चित्रकारच म्हटले आहे. चार घोडेस्वारांखाली ‘ड्यूरर, कोरणी कोणाची याविषयी मतभेद’ असे लिहा, गेंड्याखाली ‘रेखन ड्यूररचे, कोरणारा अज्ञात’ असे लिहा. विजयकमानीखाली मात्र रेखन करणाऱ्या चौघांबरोबर हिएरोनिमस आंद्रेएचे नाव त्याच आकाराच्या अक्षरांत लिहा. आणि टिपण देण्याआधी शक्य असेल तर पाच सेंटिमीटर चौरसाचा एक तुकडा घ्या, त्यावर दहा तिरप्या रेषा आणि उलट दहा रेषा पेनने ओढा, आणि त्यातल्या पहिल्या नऊ चौकटी कोरून पाहा.